आकडा होता, नावं नव्हती: खाडीकाठच्या एका गावाच्या सैनिक स्मारकाचं प्रकरण

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या पट्ट्यावरून गेलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, कुणाच्याही घरावर कौलं धड राहिली नाहीत. आमच्या गावात जुन्या चावडीशेजारचा रायवळ आंबा मुळासकट कलंडला तो सरळ चावडीवरच. पावसाळा तोंडावर, जो तो आपापलं घर शाकारण्यात, त्यामुळे चावडीकडे बघायला गणपती उजाडले. पडझड उपसताना आतल्या भिंतीत बसवलेली एक पांढरी लादी सापडली. तिच्यावर चुन्याचे आणि ऑइलपेंटचे इतके हात बसले होते की आमची अख्खी पिढी तिला भिंतच समजत आली होती. गवंड्याने थापीच्या कडेने एक पापुद्रा सोडवला आणि खालून इंग्रजी अक्षरं दिसू लागली.

मजकूर दोन ओळींचा. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर ४३ माणसं गेली, त्यांतल्या ६ जणांनी प्राण दिले. बस्स. कोण गेले, कुठे गेले, कोण परतले नाहीत, याबद्दल एक अक्षर नाही.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा संगमरवरी लाद्या गावोगाव बसवल्या. कोकणात आणि घाटावर त्या आजही अनेक ठिकाणी दिसतात. मजकूर बहुतेक तोच, आकडे तेवढे वेगळे. त्या दिवशी चावडीच्या ढिगाऱ्यापाशी आम्ही वीसएक माणसं उभे होतो आणि त्या सहांपैकी एकाचंही नाव कुणाला सांगता आलं नाही. स्मारकाचं काम तिथून सुरू झालं.

मी या स्मारक समितीचा चिटणीस होतो. गावाचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या घरांच्या गोष्टी आहेत त्या त्यांनी समितीपुढे मांडल्या, जगापुढे नाही. आसपासच्या गावांतून मंडळी चौकशीला येतात. दगड कुठला घेतलात आणि खर्च किती आला, हे त्यांचे पहिले दोन प्रश्न. मी यादीपासून सुरुवात करतो तेव्हा त्यांचा चेहरा जरा उतरतो. पण खरं सांगायचं तर दगडाचं काम पाच महिन्यांत उरकलं. यादीला अडीच वर्षं लागली.

पलटण आणि बोट

हा सगळा पट्टा फौजेचा आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दापोलीला छावणी वसवली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. पेन्शनीत निघालेले शिपाई, हवालदार, सुभेदार तिथे घरं करून राहायचे. दलित चळवळीचे आद्य प्रवर्तक गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीतच राहिले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, निवृत्तीनंतर कुटुंबासह काही काळ दापोलीत होते. महाड तालुक्यातलं आंबवडे तर ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखलं जातं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात, बरोबरचे साथीदार पडल्यावर, एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि ते घेऊन तिथेच कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. परक्या मुलखातल्या एका छोट्या गावाला आमच्या बाजूच्या तालुक्यातल्या पोराचं नाव ठाऊक आहे, हे समितीच्या पहिल्या बैठकीत कुणीतरी वाचून दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले.

माणसं फौजेत का गेली याचं कारण घरोघरी एकच. भात चार-सहा महिने पुरायचं. थोरला मुंबईला गिरणीत, मधला पलटणीत, धाकटा बोटीवर, आणि घरी मनीऑर्डरची वाट. मराठा पलटण ही आमच्याकडच्या बहुतेक वाड्यांची ओळख. मोहल्ल्याची आणि भंडारवाड्याची ओळख बोटीची. आगवाला (बॉयलरला कोळसा घालणारा), खलाशी, सारंग (खलाशांचा मुकादम), भंडारी (बोटीवरचा आचारी) हे शब्द तिथे आजही कानावर येतात.

बौद्धवाडीची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय यादी करता येत नाही. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सरकारने त्यांची भरतीच बंद केली. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, पण भरती उघडली नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. मग १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे या वाडीच्या घराण्यांत पणजोबा फौजेत, आजोबांना दार बंद, आणि बाप पुन्हा फौजेत, असा क्रम सापडतो. मधल्या पिढीतून कुणी गेलं नाही असं वरवर दिसतं, त्याचं कारण सरकारी आहे. एका बैठकीत कुणीतरी सहज म्हणालं, “त्या वाडीतून मधल्या काळात फार कुणी गेलं नाही वाटतं.” तेव्हा वाडीतल्या एका निवृत्त नायकाने हा सगळा इतिहास उभं राहून सांगितला, न चिडता, तारखांसकट. त्या दिवसापासून समितीचा सूर बदलला असं मला वाटतं.

पुतळ्याचा वाद

हा वाद थोडक्यात सांगतो, कारण तो थोडक्यातच मिटला. मुंबई मंडळाला, म्हणजे गावच्या मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळाला, बंदूकधारी जवानाचा पुतळा हवा होता. पुतळ्यासाठी जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. शिवाय तो फायबरचा केला तर खाऱ्या वाऱ्यात त्याची काय दशा होते ते आम्ही शेजारपाजारी पाहिलं होतं. पण मुंबई मंडळ ज्या प्रश्नावर गप्प झालं तो वेगळाच होता. जवानाला वेश कुठला घालायचा? १९१६ चा, १९४४ चा की १९९९ चा? आणि पलटणीचा की नौदलाचा? पुतळा कुणातरी एकाचाच होतो. पुतळा बारगळला.

जागा देवळाच्या आवारात नको, हेही लवकर ठरलं. गावकीतल्या जाणत्यांनीच ते सुचवलं. शाळेच्या कुंपणाला लागून, एसटीच्या थांब्यासमोरची जागा मिळाली. तिथे मोहल्ल्यातलं पोरही उभं राहतं आणि बौद्धवाडीतलंही.

नाव कुणाचं?

खरा पेच इथे होता. आम्ही एक गोष्ट बरोबर केली, आणि ती सुचवली एका निवृत्त तलाठ्याने: नियम आधी ठरवा, नावं मागून काढा. नावं समोर असताना नियम केला तर प्रत्येक जण आपल्या माणसापुरता नियम वाकवतो. म्हणून सुरुवातीच्या बैठकांत एकाही माणसाचं नाव न घेता आम्ही फक्त ‘कसा माणूस’ यावर बोललो.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. तिथे स्वातंत्र्यानंतरच्या २५ हजारांवर वीरांची नावं आहेत. तोच धागा धरून आपणही १९४७ पासून सुरुवात करू, असा एक प्रस्ताव आला. इंग्रजांच्या लढाईत मेलेल्यांचं स्मारक आपण का करायचं, असंही कुणी म्हटलं. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी कमी लेखत नाही. पण राष्ट्राचं स्मारक राष्ट्राच्या जन्मापासून मोजतं ते बरोबर, तसं गावाचं स्मारक गावापासून मोजेल. ज्या बाईचा नवरा इराकात गेला आणि परतला नाही, तिने इथल्याच विहिरीवर पाणी भरलं. तो कुणाच्या झेंड्याखाली होता हे तिला कुणी विचारून नेलं नव्हतं.

मग मरणाचं कारण. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गोळीपेक्षा रोगाने माणसं जास्त खचली. कुत-अल-अमाराला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली, आणि त्यानंतर कैदेत वाळवंट तुडवताना कितीतरी जण गेले. त्या वेढ्यात मराठा पलटणींची माणसं होती. त्यांना ‘लढाईत पडले’ म्हणायचं की नाही? सैन्याच्या आजच्या कागदांतही लढाईतला मृत्यू आणि इतर मृत्यू वेगळे लिहितात, कारण त्यावर पेन्शन ठरते. गावाला पेन्शन द्यायची नव्हती. आम्ही ठरवलं: सेवेत असताना मरण आलं, एवढं पुरे. कारण दगडावर लिहायचं नाही.

हा नियम ठरला तेव्हा सभेत मागे दाराजवळ एक गृहस्थ उभे होते. त्यांचा मुलगा छावणीत स्वतःच्या हाताने गेला होता. गावात सगळ्यांना माहीत, बोलत कुणी नाही. ते कधी बैठकीला येत नसत, त्या दिवशी आले होते. नियम वाचून झाला, हात वर झाले, आणि ते काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पडवीत मुलाचा फौजेतला फोटो आणि सर्व्हिस नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवलेली होती.

जिवंत माणसांची नावं दगडावर घालायची नाहीत, हे मात्र माजी सैनिकांना पटवणं जड गेलं. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आपलं नाव गावात कोरलेलं असावं असं वाटणं चूक नाही. तोडगा असा निघाला की सेवा करून परतलेल्या सगळ्यांची एक नोंदवही करायची, वाचनालयात काचेच्या कपाटात ठेवायची, आणि प्रत्येकाने आपल्या पानावर आपल्याच हाताने लिहायचं. श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्या आमच्या तिघांनी त्या वहीत पानंच्या पानं भरली. १९८७ ते १९९० या काळाबद्दल त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

अण्णा आणि चाचा

बोटीवरच्या माणसांचा प्रश्न सगळ्यांत अवघड ठरला. समितीचे अध्यक्ष अण्णा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त सुभेदार. शिस्तीचा माणूस. त्यांचं म्हणणं साधं होतं: स्मारक सैनिकांचं आहे, व्यापारी बोटीवरचा खलाशी पगारी नोकर, त्याने शपथ घेतलेली नाही.

मोहल्ल्यातले चाचा तेव्हा ऐंशी पार केलेले. ते म्हणाले, “अण्णा, आमच्या वडिलांची बोट बुडाली तेव्हा मी दोन वर्षांचा. ते आगवाले. खाली कोळसा मारायचे. वर यायला त्यांना वेळ मिळाला की नाही, तेसुद्धा आम्हाला कुणी सांगितलं नाही. कंपनीचं एक पत्र आलं, ते आईने शेजारून वाचून घेतलं.”

अण्णा म्हणाले, “चाचा, तुमचं दुःख मोठं आहे. पण उद्या गिरणीतला माणूसही म्हणेल की मी युद्धाचं कापड विणलं.”

त्यावर नौदलातून निवृत्त झालेला आमचा एक पेटी ऑफिसर बोलला. हा मुलगा एरवी बैठकीत तोंड उघडत नाही. तो म्हणाला, “अण्णा, ९ डिसेंबर १९७१ ला आपली ‘खुकरी’ युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पाणबुडीचा टॉर्पेडो लागला तेव्हा त्यातले किती जण इंजिनापाशी असतील, किती भटारखान्यात असतील. बंदूक कुणाच्याच हातात नव्हती. टॉर्पेडो येणार हे माहीत असून बोटीवर चढणं, हीच तिथली लढाई.”

त्या बैठकीत निर्णय झाला नाही. पंधरा दिवसांनी अण्णा मला म्हणाले, “मुंबईला जाऊन येतो. चाचांना घेऊन.”

मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे दोन्ही महायुद्धांत समुद्रावर गेलेल्या हिंदी खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या युद्धातल्या जवळपास सहा हजार व्यापारी खलाशांची नावं एका नोंदग्रंथात आहेत, आणि तसाच दुसरा ग्रंथ चितगावला आहे. डोंगरी-मशीद बंदरच्या गल्ल्यांतून कोकणातली माणसं तीन पिढ्या येत-जात आहेत, तरी गावातल्या फार कुणाला ही जागा माहीत नव्हती. अण्णांनी आल्यावर जे सांगितलं ते तसंच लिहितो. “पान उघडलं. चाचांना इंग्रजी येत नाही. मी वाचत गेलो. नाव, बापाचं नाव, बोटीचं नाव, काम. चाचा म्हणाले, पुन्हा वाचा. मी पाच वेळा वाचलं. मग म्हणाले, आता मला दाखवा कुठली ओळ ती.”

पुढच्या ग्रामसभेत बोटीवरच्या माणसांचा ठराव अण्णांनी स्वतः मांडला: युद्धकाळात समुद्रावर शत्रूच्या हल्ल्यात गेलेला खलाशी या स्मारकावर असेल. अशी पाच नावं निघाली.

एका नावावर मात्र माझी हार झाली. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ही दारूगोळ्याने भरलेली बोट फुटली. आमच्या भंडारवाड्यातला एक गोदी कामगार त्यात गेला. सभेचं म्हणणं पडलं की तो अपघात, आणि माणूस जमिनीवरचा. त्याचं नाव दगडावर गेलं नाही, नोंदवहीत गेलं. बोटीतला दारूगोळा युद्धासाठीच आला होता, आणि उतरवणाराही त्या साखळीतला शेवटचा माणूस होता, असं मी तेव्हा म्हणालो. माझं मत आजही तेच आहे.

कागद

नियम झाल्यावर नावांमागे लागलो. जुनी माणसं सांगत ते आधी लिहून घेतलं, मग कागद शोधले. मराठा पलटणीसाठी बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशात सागर, आणि आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. स्वातंत्र्यानंतरच्या मृत्यूंचा माग त्यातून बराच लागतो. महायुद्धांसाठी, त्यांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची शोधयादी इंटरनेटवर खुली आहे. तिथे कित्येक नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, अमकं गाव, तालुका, रत्नागिरी’ असा पत्ता सापडतो. अडचण इंग्रजी स्पेलिंगची. गावाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं. शाळेतल्या मुलांनी त्या सगळ्या तऱ्हा फळ्यावर मांडल्या आणि एकेक करून शोधल्या. हे काम मोठ्यांपेक्षा मुलांनी चोख केलं.

या कमिशनचं एक तत्त्व १९१७ पासून असं की मेलेल्यांत दर्जा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही. पण इराकातल्या बसराच्या स्मारकावर ते पाळलं गेलं नाही. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा. कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून हे मान्य केलं. आमच्या चावडीतल्या लादीवरही आकडाच. हे वाचल्यावर आमच्यातल्या सगळ्यांत उदासीन सभासदालाही नावांचा हट्ट समजला.

सगळ्यांत मोठा ऐवज घरातल्या पत्र्याच्या ट्रंकांत निघाला. बौद्धवाडीतल्या एका आजीने नातवाकडून ट्रंक पुढे ओढवली. वर लुगडी, मग भाताच्या पावत्या, मग मेणकापडात गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक. वाळवीने एक कोपरा खाल्लेला, पण नंबर, पलटण, उंची, ‘डाव्या भुवईवर व्रण’ ही ओळख, सगळं शाबूत. १११ व्या महार पलटणीतलं ते पुस्तक होतं. आजी म्हणाल्या, “सासूने सांगितलं होतं, हे टाकायचं नाय. काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं.”

युद्धावर गेलेल्या ४३ पैकी १७ जणांची नावं मिळाली. न परतलेल्या ६ पैकी चारांची.

क्रम

नावं कुठल्या क्रमाने लावायची, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. हुद्द्याने लावली तर सुभेदार वर आणि शिपाई खाली. वाडीवार लावली तर दगडावरही वाड्या. आडनावाच्या अकारविल्ह्याने लावलं तरी आमच्याकडे एका वाडीत एकच आडनाव, म्हणजे पुन्हा वाड्याच. हे सगळं कागदावर करून पाहिल्यावर माझ्या सुनेने सुचवलं की पहिल्या नावाने लावा. लावलं, आणि सगळी यादी आपोआप मिसळली. इब्राहिमनंतर कृष्णा, मग गणपत, त्याखाली गोविंद, दोघं दोन वाड्यांतले. हुद्दा नाही, कै. नाही, शहीद नाही, हुतात्मा नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि साल.

दगड

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्यात खारा वारा. झिलईदार ग्रॅनाइटवर सोनेरी रंग भरलेली अक्षरं दोन पावसाळ्यांत कशी उडतात, ते पाहायला लांब जावं लागत नाही. आम्ही चौथरा जांभ्या चिऱ्याचा केला आणि वर काळ्या दगडाच्या तीन उभ्या शिळा बसवल्या. अक्षरं छिन्नीने खोल, आतून निमुळती कोरली, रंग अजिबात नाही. देवनागरीची शिरोरेघ आडवी असते. खाच चौकोनी ठेवली तर तिच्यात पाणी साचतं आणि पहिलं शेवाळ तिथेच धरतं. निमुळत्या खाचेतून पाणी निघून जातं. हे आम्हाला घाटावरून आलेल्या पाथरवटाने सांगितलं, आणि अनुस्वार किती खोल घ्यायचा तेही त्यानेच ठरवलं.

शिळा धरायला लोखंड वापरलं नाही. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड फोडतं. चावडीतल्या जुन्या लादीचे दोन कोपरे तसेच उडाले होते. म्हणून ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील वापरलं, ते खाऱ्या हवेत टिकतं. खाडीची वाळू बांधकामाला घेतली नाही, नाहीतर वर्षाच्या आत लोणा धरतो. शिळेमागे बोटभर पोकळी ठेवली, कारण चिरा पाणी पितो आणि मागून ओल देत राहतो.

जुनी लादी ॲसिडने साफ करायला एक जण निघाला होता. त्याला वेळेवर थांबवलं. संगमरवराला ॲसिड लागलं की दगडच विरघळतो, अक्षरं बोथट होतात. साधं पाणी, मऊ ब्रश आणि आठ रविवार, एवढ्यात ती उजळली. ती आता शाळेच्या ओसरीत, छपराखाली आहे.

पैसा सगळा लोकवर्गणीचा. मोठी रक्कम देऊ करणारे होते, पण त्यांना ‘सौजन्य’ म्हणून पाटी हवी होती. ग्रामसभेने नको म्हटलं. हिशेब पंचायतीच्या फलकावर महिनाभर लावला.

आमच्या हातून चुकलं ते

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘माझी माती माझा देश’ अभियान आलं. गावोगाव शिलाफलक बसवायचे होते, त्यावर गावच्या वीरांची नावं हवी होती, आणि मुदत थोडी होती. आमची यादी तेव्हा पडताळणीत होती. ‘अजून पूर्ण नाही’ असं लेखी कळवायला हवं होतं. तसं न करता मी हाताशी होती ती यादी दिली. फलक लागला तेव्हा त्यात आमची तीन नावं नव्हती, आणि तिन्ही एकाच वाडीतली. यादी देणारा मी होतो, दोष माझा. त्या तिन्ही घरी जाऊन माफी मागितली. एका घरात चहा मिळाला, एका घरात पाणी, आणि एका घरातल्या दादांनी दारातच सांगितलं, “तुमच्या दगडावर नाव आलं की मग या.” २६ जानेवारी २०२४ ला स्मारक खुलं झालं तेव्हा दादा आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात आली, तेव्हा त्यांनी स्वतःहून मला आत बोलावलं.

अजून उरलेलं

पहिल्या शिळेवर तळाशी दोन ओळींची जागा कोरी आहे. सहांपैकी ज्या दोघांची नावं मिळाली नाहीत, ती त्यांची जागा. तिथे ‘अज्ञात’ कोरू नये असं अण्णांचं ठाम मत होतं. तो गावाला अज्ञात नव्हता, गावाने विसरला, एवढंच ते म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात लालबागहून एका चाकरमान्याचा फोन आला. गावकीची जुनी खोली रिकामी करताना त्याला फळीवर कागदांचा गठ्ठा मिळाला होता. त्यात १९१८ सालचा, एका विधवेच्या पेन्शनीचा हुकूम. पलटण मराठा, गाव आमचं. सहा महिने पडताळणी केली. मुलांनी पुन्हा स्पेलिंगच्या तऱ्हा मांडल्या, आणि बसराच्या यादीत त्याच नंबरचा शिपाई सापडला. तिथेही नाव एकच शब्दाचं. हुकुमाच्या फाटक्या कडेत बापाचं नाव गेलेलं आहे.

पाथरवटाला निरोप धाडला आहे, तो गणपतीनंतर येतो म्हणाला. त्या दोन कोऱ्या ओळींतल्या पहिल्या ओळीवर ‘धोंडू’ एवढंच कोरायचं ठरलं आहे, आणि पुढची जागा मोकळी ठेवायची.